घर-सल्ला : सिमेंट लावल्यावर भिंत का खचली?

प्रश्न : पाचोऱ्याजवळच्या गावात पणजोबांनी बांधलेलं आमचं दुमजली घर आहे. ते कापसाचे व्यापारी. ओसरीला बिडाचे (ओतीव लोखंडाचे) नक्षीदार खांब, दारांवरच्या कमानींत लाल-निळ्या काचा. आत सागवानी खण (तुळयांमधले गाळे), वर धाबं (मातीचं सपाट छत). याला ‘व्हिक्टोरियन’ म्हणायचं का? काही वर्षांपूर्वी खालच्या भिंतींचा चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला. आता पोपडे निघतात, आतली वीट भुगा होते. कंत्राटदार म्हणतो, घर संपलं, पाडा. एका खांबालाही भेग दिसते. — एक वाचक

उत्तर : भाऊ, कंत्राटदाराच्या शब्दावर घर पाडू नका. जुन्या बांधकामाची जाण असलेल्या इंजिनिअरला आधी दाखवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी दुखणं घराच्या वयाचं वाटत नाही, सिमेंटचं वाटतं.

व्हिक्टोरिया राणीचा काळ १८३७ ते १९०१. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे थळघाट (कसारा घाट) चढून चाळीसगाव, जळगाव, भुसावळला आली. पैसा आला, विलायती माल आणायची सोयही झाली. ओसरीचा थाट त्या काळच्या आवडीचा आहे, तेवढ्याला व्हिक्टोरियन म्हणा. सागवानी खण आणि धाबं मात्र अस्सल खानदेशी, आणि माझा जीव त्यातच जास्त गुंततो.

आता भिंत. माझे वडील एरंडोलकडे गवंडीकाम करायचे. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावायला सांगितलं की ते सरळ काम सोडून यायचे. कारण साधं आहे. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल विटांत चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंटनं ती वाट बुजते. ओलीबरोबर चढलेले क्षार विटेतच साठून फुगतात आणि विटेचे पापुद्रे उडवतात. त्यात आपली काळी जमीन! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंत दरवर्षी किंचित हलते. चुना ते हलणं सोसतो, कडक सिमेंट तडकतं.

सिमेंट छिन्नीनं, हलक्या हातानं काढा. ब्रेकर लावू देऊ नका. उघडी भिंत अख्खा उन्हाळा सुकू द्या, भुगा झालेल्या विटा तेवढ्या बदला. पाणी घालून विरवलेला चुना निदान महिनाभर पाण्याखाली मुरवा, मग एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू. गिलावा दिवाळीनंतरच. वैशाखात चुना नुसता वाळतो, पक्का होत नाही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला त्याला थोडी ओल लागते. म्हणून गिलाव्यापुढे ओली गोणपाटं टांगा. वरून ऑइल पेंट नको, चुन्याचीच सफेदी द्या.

खांबाजवळ वेल्डरला येऊ देऊ नका. बीड ओझं छान पेलतं, पण ठिसूळ असतं आणि एकाच जागी तापलं की तडकतं. वरच्या तुळईला आधी टेकू द्या, मग इंजिनिअरला विचारून भेगेवर पोलादी पट्टी बोल्टनं आवळून घ्या. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि ओसरीत लहान मुलांचा वावर असतोच.