वाचक विचारतात : निवडून दिलेला सरपंच मुदतीआधी हटवता येतो का?

प्रश्न : आमच्या गावात सरपंच थेट जनतेतून निवडून आले आहेत. त्यांच्या कारभाराला कंटाळून चारशे ग्रामस्थांनी सह्या करून तहसीलदारांकडे अर्ज दिला. तो परत आला. गावाला हा अधिकारच नाही का?

उत्तर : आहे, पण त्याची सुरुवात ग्रामस्थांच्या सह्यांनी होत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 35 प्रमाणे अविश्वास प्रस्तावाची नोटीस सदस्यांनीच द्यायची असते. सभेत बसण्याचा व मत देण्याचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांपैकी किमान दोन तृतीयांश सदस्यांच्या सह्या तीवर लागतात. म्हणून तुमच्या चारशे सह्या घेऊन आधी सदस्यांकडे जा.

नोटीस अविश्वास प्रस्तावाबाबतच्या 1975 च्या नियमांतील विहित नमुन्यातच द्यावी आणि सोबत सात जादा प्रती जोडाव्यात. सरपंच आणि उपसरपंच दोघांवरही अविश्वास असेल तर दोन वेगळ्या नोटिसा लागतात. एकाच कागदावर दोघांची नावे घातली, तर विरोधकांना आयताच आक्षेप मिळतो. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत तहसीलदार ग्रामपंचायत कार्यालयात सभा बोलावतात आणि अध्यक्षस्थानीही तेच असतात. ज्यांच्यावर प्रस्ताव आहे त्या सरपंचांनाही बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क असतो.

प्रस्ताव फसतो तो बहुतेक वेळा आकडेमोडीत. मंजुरीला तीन चतुर्थांश मते लागतात, आणि तीही हजर असलेल्यांपैकी नव्हे तर एकूण हक्कदार सदस्यांपैकी. समजा एकूण अकरा आहेत. दोन तृतीयांश म्हणजे 7.33, म्हणून नोटिशीवर आठ सह्या हव्यात. तीन चतुर्थांश म्हणजे 8.25, म्हणून मते नऊ हवीत. आठ जणांनी नोटीस दिली आणि आठांनीच हात वर केले, तरी प्रस्ताव पडतो. घरी बसलेला सदस्य प्रत्यक्षात सरपंचांच्याच बाजूचा ठरतो. आणि पडलेला प्रस्ताव लगेच पुन्हा आणता येत नाही.

खरा अधिकार गावाकडे येतो तो यानंतर. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा मंजूर प्रस्ताव विशेष ग्रामसभेपुढे जातो. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली तिथे गुप्त मतदान होते. ग्रामसभेने शिक्कामोर्तब केले नाही, तर सरपंच पदावर राहतात.

तारखाही तपासा. निवडीपासून पहिली दोन वर्षे आणि मुदत संपण्याआधीचे सहा महिने प्रस्ताव आणता येत नाही.

तुमची तक्रार पैशांच्या अफरातफरीची असेल, तर अविश्वासाच्या मागे लागूच नका. गैरवर्तन किंवा कर्तव्यातील कसुरीसाठी कलम 39 आहे. त्यात जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि विभागीय आयुक्त पदावरून काढू शकतात. तिथे सदस्यांची गणिते जुळवावी लागत नाहीत. लागतात ते पुरावे : ठरावांच्या प्रती, प्रमाणके (खर्चाची व्हाउचर), मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीच्या) नकला. त्या माहितीच्या अधिकारात आधीच मिळवून ठेवा. सरपंच निवडणुकीलाच अपात्र होते, असे म्हणणे असेल, उदाहरणार्थ सरकारी जागेवरचे अतिक्रमण, तर कलम 14 व 16 खाली थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे.

प्रश्न : मध्य प्रदेशात लोक मत देऊन नगराध्यक्षाला परत बोलावतात म्हणे. खरे का?

उत्तर : खरे आहे. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षासाठी तिथे मतपत्रिकेवर ‘खाली कुर्सी’ (रिकामी खुर्ची, म्हणजे हटवा) आणि ‘भरी कुर्सी’ (भरलेली खुर्ची, म्हणजे राहू द्या) अशी दोन चिन्हे असतात. पण तिथेही आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांच्या सह्या लागतात. मतदारांच्या लेखी मागणीवरून सरपंचाला परत बोलावण्याची तरतूद हरियाणाने 2020 मध्ये केली. महाराष्ट्रातल्या कायद्यात तशी वाट अजून नाही.