‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही केली, तरी हक्क संपत नाही

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. गेल्या नोव्हेंबरात अंदमानात हॅवलॉकला एका छोट्या डायव्हिंगवाल्याकडे मी स्कूबा केलं. 4,500 रुपये यूपीआयने भरले. मला सर्दी होती. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर विचारलं, तर ‘चलेगा मॅडम’ असं उत्तर आलं. बोटीवर फॉर्म भरताना आजारांच्या रकान्यांत सगळीकडे ‘नाही’ लिहायला लावलं. खाली जाताना कान फार दुखला, मी खूण केली, तरी इन्स्ट्रक्टर खाली घेऊन गेला. कानाचा पडदा फाटला आणि आता डॉक्टर शस्त्रक्रिया सांगत आहेत. डायव्हिंगवाला म्हणतो, ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी तुमची सही आहे, भांडायचं तर पोर्ट ब्लेअरला या. फी परत देतो, सोबतच्या कागदावर सही करा. माणूस छोटा आहे, त्याच्या पोटावर पाय द्यावासा वाटत नाही. काय करू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, त्या कागदावर सही करू नका. ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, आता कोणतीही तक्रार नाही’ असं त्यात लिहिलेलं असणार. साडेचार हजारांसाठी शस्त्रक्रियेच्या खर्चावर पाणी सोडायचं काही कारण नाही. पैसे आपणहून खात्यात आले, तर ‘माझे हक्क अबाधित ठेवून स्वीकारले’ असं लगेच लेखी कळवा.

आता त्या पहिल्या सहीबद्दल. समुद्रात उतरण्यात जे अंगभूत धोके आहेत, ते तुम्ही त्या सहीने मान्य केलेत. शिकवणाऱ्याने हयगय केली तरी चालेल, असं काही तुम्ही मान्य केलेलं नाही. पैसे घेऊन सेवा देणाऱ्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य असतं. कोवळमच्या एका हॉटेलात जलतरण तलावात पाहुणा बुडाला, तेव्हा जीवरक्षकाकडे बारचंही काम सोपवलेलं होतं. केरळ पर्यटन विकास महामंडळाविरुद्धच्या त्या प्रकरणात साडेबासष्ट लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कायम केली. तुमचं प्रकरण तेवढं मोठं नाही, पण तत्त्व तेच लागू होतं.

हयगय दाखवायची कशी, यावर तुमची सगळी केस उभी राहील. पाण्याखाली 10 मीटरवर दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट होतो, आणि कानाला त्रास होतो तो मुख्यतः पहिल्या काही मीटरांतच. म्हणून नवख्या माणसाला पहिल्या धड्यातच सांगतात : नाक दाबून कानातला दाब सारखा करत राहा, दुखलं की थांबा, थोडं वर या. सर्दीने नाक-कानाची वाट बंद असेल, तर दाब सारखा होत नाही. म्हणून तर फॉर्ममध्ये सर्दी-सायनसचा प्रश्न असतो. त्यांनी काढून दिलेला व्हिडिओ तुमच्याकडे असेल, तर तो शांतपणे पुन्हा पाहा. तळहात डावी-उजवीकडे हलवून कानाकडे बोट दाखवणं, ही डायव्हिंगमधली ‘कानाला त्रास होतोय’ची ठरलेली खूण आहे. ती व्हिडिओत दिसत असेल आणि त्यानंतरही तुम्ही खालीच जाताना दिसत असाल, तर यापेक्षा सबळ पुरावा मला सुचत नाही.

तो व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपचं संभाषण मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन विकू नका. फोनमधल्या अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागेल. बोटीवर यजमान सोबत असतील, तर त्यांचं प्रतिज्ञापत्र घ्या. ग्राहक आयोगापुढे बहुतेक काम प्रतिज्ञापत्रांवर आणि कागदांवरच चालतं.

तुमची कमजोर बाजू एकच : फॉर्मवर सर्दीपुढे ‘नाही’ तुमच्या हाताने लिहिलं गेलंय. ते लपवू नका. तक्रारीतच, पहिल्या पानावर, स्वतः सांगा. आदल्या रात्रीचा संदेश शेजारी ठेवला की आयोगाला कळेल, सर्दीची माहिती डायव्हिंगवाल्याला होती. भरपाई थोडी कमी होऊ शकते, पण समोरच्या वकिलाने ती गोष्ट उघड केली तर तुमच्या सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास जाईल.

पोर्ट ब्लेअरला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 34 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. फॉर्मवर ‘फक्त पोर्ट ब्लेअर न्यायालय’ अशी ओळ असेल, तर समोरचे ती पुढे करतीलच. छापील ओळीने कायद्याने दिलेला हक्क सहज जात नाही, हा युक्तिवाद ठामपणे मांडा. प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाणार की वरच्या, हे तुम्ही भरलेल्या पैशांवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेसह लाखांत मागणी केली तरी प्रकरण जिल्हा आयोगातच राहील, आणि भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फीही नाही. एक मात्र जपा : ‘फॉर्म अन्यायकारक करार म्हणून रद्द करा’ अशी मागणी इथे करू नका. ती राज्य आयोगापुढे जाते. इथे फक्त सेवेतली त्रुटी आणि हयगय मांडा. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, पण आठवणी ताज्या असताना केलेलं बरं.

यूपीआयच्या पावतीवरचं नाव आणि दुकानाच्या पाटीवरचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं. म्हणून अंदमान-निकोबार प्रशासनाच्या पर्यटन विभागाकडे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका : परवाना कोणाच्या नावावर, विम्याचा काही तपशील नोंदवलेला आहे का. त्यानंतर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा. तुमच्या फॉर्मची प्रत, इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र आणि विम्याची पॉलिसी मागा, पंधरा दिवस द्या.

पोलिसांत जायचं का? दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचवणाऱ्या बेदरकार कृतीबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 125 आहे, आणि झिरो एफआयआर, म्हणजे घटना दुसरीकडे घडली तरी कुठल्याही ठाण्यात देता येणारी फिर्याद, नाशिकलाही नोंदवता येईल. पण तुमचा हेतू उपचाराचा खर्च मिळवणं हा आहे, त्या इन्स्ट्रक्टरला आरोपी करणं नव्हे. म्हणून मी ती वाट सुचवणार नाही. तक्रारीत सामनेवाला म्हणून व्यवसायाचा मालक दाखवा. नोकराच्या हयगयीची जबाबदारी मालकावर येते.

त्याच्या पोटाबद्दल तुम्हाला वाटतंय, ते मला फार भावलं. पण त्याच बोटीवर उद्या दुसरी सर्दीवाली बाई चढणार आहे, तिचाही विचार करा. शिवाय आयोग दोघांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. तिथे हप्त्यांनी रक्कम ठरवता येते, विमा असेल तर विमा कंपनीलाही विचारता येतं.

शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी डॉक्टरांकडून लेखी घ्या : इजा दाबातल्या फरकामुळे झाली, पडदा आपोआप का भरला नाही आणि आज ऐकू किती येतं. ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, अहवाल त्यालाच जोडा. शस्त्रक्रियेनंतर आजची स्थिती दाखवणारा कागद पुन्हा मिळणार नाही.