फी कमी झाली, पण मुलीला विचारलं का?

पत्र (थोडक्यात): "सर, मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. साडेचार एकर कोरडवाहू. मुलगी बारावी सायन्स, ६४ टक्के, सीईटीले ६८ पर्सेंटाइल. नागपूरकडच्या एका खासगी विद्यापीठाचा सुवर्ण महोत्सव आहे. त्यानिमित्त इंजिनिअरिंगची फी १,६०,००० वरून ९५,००० केली. क्लासचे सर म्हणतात, एआयले स्कोप आहे, संधी सोडू नका. दहा हजार टोकन भरलं. दोन एकर काढतो, गिऱ्हाईक तयार आहे. पोरगी गप्प असते, जेवत नाही नीट. मी सांगून ठेवलं, ही ॲडमिशन घे नाहीतर दिवाळीनंतर लग्न लावून देतो. पोरगी म्हणून मी तिले कमी केलं नाही. विद्यापीठ चांगलं आहे का, तेवढं सांगा. नाव छापू नका."

भाऊ,

पेरणीच्या धामधुमीत तुम्ही दोन पानं भरून पत्र लिहिलंत, सोबत विद्यापीठाचं माहितीपत्रकही पाठवलंत. मुलीच्या शिक्षणासाठी जमीन काढायला निघालेला माणूस मी हलक्यात घेत नाही. तरी तुमच्या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे. त्या एका वाक्यावरून पुढे सरकताच येईना. 'ही ॲडमिशन घे नाहीतर लग्न लावून देतो.'

आयुष्यभर तुम्ही कापूस घेऊन बाजारात उभे राहिलात. व्यापारी म्हणतो, या भावात टाक नाहीतर गाडी वापस ने. तुमच्या हातात काही नसतं. गाडीचं भाडं अंगावर पडेल म्हणून तुम्ही माप घालता आणि घरी येऊन दोन दिवस बोलत नाही. आता तोच सौदा तुम्ही घरात मांडलाय, फक्त व्यापाऱ्याच्या जागी तुम्ही आहात. ती गप्प का आहे, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळायला पाहिजे?

पोरगी म्हणून कमी केलं नाही, असं तुम्ही लिहिता. मला ते खरं वाटतं. सायन्सला घातलंत, तालुक्याच्या क्लासला पाठवलंत, एसटीचा पास काढून दिलात. पण तुम्हाला मुलगा असता आणि त्याला ६८ पर्सेंटाइल मिळाले असते, तर त्याला काय धमकी दिली असती? शेतात राबवीन म्हणाला असता फार तर. लग्नाची धमकी फक्त मुलीलाच देता येते. कमी केलं की नाही, याचं उत्तर तिथे आहे.

आणखी एक. तुमच्या पत्रात फीचे आकडे नऊ वेळा आले, जमिनीचा भाव तीनदा, क्लासच्या सरांचं मत चारदा. मुलीला काय शिकायचंय, हे एकदाही आलं नाही. मी पत्र दोनदा वाचून पाहिलं. (त्या सरांना एकदा सहज विचारा, दर ॲडमिशनमागे त्यांना काही मिळतं का. नाही म्हणाले तर मी त्यांची जाहीर माफी मागतो.)

आता तो सुवर्ण महोत्सव. पत्रकाच्या पहिल्या पानावर मोठ्ठा ५० छापलाय, खाली गाडगेबाबा आणि पंजाबराव देशमुख यांचे फोटो. आतल्या पानावर बारीक अक्षरात इतिहास आहे. पन्नास वर्षांपूर्वी संस्थेनं एक माध्यमिक शाळा काढली, पुढे डीएड कॉलेज आलं, मग बाकीचं. विद्यापीठाचा दर्जा मिळून झाली जेमतेम चार वर्षं. म्हणजे पन्नास वर्षं आहेत ती शाळेची. तुमची मुलगी जिथे शिकणार, त्या एआय शाखेतून अजून एकही बॅच बाहेर पडलेली नाही. संस्थेनं आपला वाढदिवस साजरा करावा, गावाकडची शाळा पन्नास वर्षं टिकली ही लहान गोष्ट नाही. पण नागपूर विद्यापीठ १९२३ चं, अमरावतीचं १९८३ चं असं आपण म्हणतो, तेव्हा तितक्या वर्षांच्या पदव्या नोकरीच्या बाजारात वापरून झालेल्या असतात. इथे तसं काही झालेलं नाही. नवं म्हणजे वाईट असंही नाही. फक्त जुनं म्हणून पैसे मोजू नका.

फी उतरवली यातही काही पाप नाही. जागा रिकाम्या राहिल्या की फी खाली येते, तुरीची आवक वाढली की भाव पडतो तसंच. काही छोट्या संस्था खरोखरच आपल्या भागातल्या पोरांना परवडावं म्हणून हे करतात, त्यांचं मला कौतुक आहे. अशा सवलतीची खूण सोपी असते. चारही वर्षांची फी एका कागदावर, सही-शिक्क्यानिशी मिळते. तुमच्या पत्रकावर तारांकित टीप आहे: सवलत प्रथम वर्षासाठी, पुढील शुल्क व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार. ही टीप तुम्ही वाचली नसावी. ९५,००० च्या खालीच विकास, प्रयोगशाळा आणि 'स्किल' मिळून २८,००० वेगळे आहेत आणि होस्टेल-मेसचे ७२,०००. सवलत चारही वर्षं टिकली तरी हिशोब ७,८०,००० होतो. दुसऱ्या वर्षापासून फी पुन्हा १,६०,००० झाली तर ९,७५,०००. दोन एकर कोरडवाहूचे तुमच्याकडे किती येतात, ते तुम्हीच लिहिलंय. पुरत नाहीत.

पण खरी गफलत वेगळीच आहे आणि ती तुमच्या एकट्याची नाही. या महिन्यात मला आलेल्या निम्म्या फोनमध्ये हीच होती. 'कमी केलेली फी' म्हणजे 'सगळ्यात कमी फी' असं आपण धरून चालतो. राज्य सरकारनं ८ जुलै २०२४ रोजी निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ही सवलत निम्मी होती, २०२४-२५ पासून पूर्ण झाली. शासकीय कॉलेजला लागू, अनुदानितला लागू, खासगी विनाअनुदानित कॉलेजलासुद्धा लागू. अट एवढीच की प्रवेश सरकारच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. आणि त्याच निर्णयात स्पष्ट लिहिलंय की खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. तुमचं सुवर्ण महोत्सवी विद्यापीठ स्वयंअर्थसहाय्यितच आहे, पत्रकाच्या शेवटच्या पानावर तसं छापलंय. म्हणजे या प्रवर्गांत बसत असाल तर तुमच्या मुलीला यवतमाळ, अमरावती किंवा वर्ध्याच्या एखाद्या साध्या कॉलेजात शिक्षण शुल्क शून्य लागेल, आणि तुम्ही ९५,००० ला स्वस्त म्हणून जमीन विकताय. विकास शुल्क, पुस्तकं, खोली हा खर्च तिथेही राहील, तो माफ नाही. तरी फरक तुम्हाला दिसतोय.

प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. ओबीसी असाल तर राहण्या-जेवणासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिथे जिल्ह्यागणिक जागा ठरलेल्या आहेत, म्हणून अर्ज लवकर करा. खुल्या प्रवर्गातले अल्पभूधारक असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पत्रकावरच्या फोटोपेक्षा पंजाबरावांच्या नावाची ही योजना तुमच्या जास्त कामाची. आणि दुसऱ्या फोटोतले गाडगेबाबा जन्मभर कीर्तनातून सांगत राहिले की पोरं शिकवा, पण ऋण काढून सण करू नका. त्यांचा फोटो छापून दुसऱ्याच्या सणासाठी तुमचं वावर विकायला लावणं, हे मला फार झोंबलं. असो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर, एवढे कागद या आठवड्यात तहसीलमधून काढायला टाका. सेतू केंद्रावर गर्दी आहे.

पैसे कमी पडलेच तरी जमीन हा पहिला उपाय नव्हे. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेतला साहेब तोंड वाकडं करेल. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाकून मग त्याच्यासमोर जा.

टोकनचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर फी परत द्यावी लागते. प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नाही. नंतर ही परतफेड टप्प्याटप्प्यानं घटत जाते, म्हणून रेंगाळू नका. मूळ टीसी आणि मार्कशीट ठेवून घ्यायचाही त्यांना अधिकार नाही. दिली असेल तर लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

विद्यापीठ चांगलं आहे का? मी तिथे गेलेलो नाही. ते यूजीसीच्या खासगी विद्यापीठांच्या यादीत आहे, म्हणजे पदवी बोगस ठरणार नाही. एआय शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक किती, हे पत्रकात कुठेच नाही. इमारतीचे फोटो मात्र अकरा आहेत. एवढ्यावरून मी माझ्या मुलीला पाठवलं नसतं.

६८ पर्सेंटाइलला कॅपमध्ये नावाजलेलं कॉलेज, वर कॉम्प्युटर शाखा, हे जमणार नाही. खोटी आशा कशाला देऊ. बारावीनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, पुन्हा सीईटी देता येते, साधी बीएस्सी आहे. हे रस्ते तालुक्याच्या नेट कॅफेतला पोरगाही सांगेल.

पण हे सगळे रस्ते तिला इंजिनिअर व्हायचंय असं धरून. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती ओझरती लिहिलीत. मागच्या हंगामात सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा होता तर मोबाइलच्या ॲपवर नोंदणी तिनंच केली, तुमची आणि शेजारच्या पाच घरांची. सातबाऱ्यावरचा पिकपेरा जुळत नव्हता म्हणून तलाठ्याकडे तीच गेली. कोणत्या केंद्रावर ओलावा जास्त दाखवून कपात करतात, हेही तिनं वहीत लिहून ठेवलंय. भाऊ, मी वीस वर्षं पोरांचे गुण बघतोय. सतरा-अठरा वर्षांची मुलगी सहा घरांचे कागद सांभाळते, सरकारी कचेरीत एकटी जाते आणि खरेदी केंद्रावरची खोट वहीत टिपते. ६८ पर्सेंटाइलपेक्षा मला त्या वहीची किंमत जास्त वाटते. हिला अकोल्याच्या कृषी विद्यापीठाखालच्या एखाद्या कॉलेजात बीएस्सी कृषी कसं वाटेल? सातबारा असलेल्यांना तिथे प्रवेशाच्या वेळी अधिभारही (जादा गुण) मिळतो. किंवा बीकॉम करून पुढे बँकेच्या परीक्षा? किंवा संख्याशास्त्र...

थांबतो. तिला न विचारता मीही तिचं ठरवायला लागलो.

'बापानं माती केली, पोरीनंही मातीतच जावं का', असं तुम्ही लिहिलंय. त्यातली आग कळते मला, मीही कोरडवाहूतूनच आलोय. पण ती मातीत जाईल की बँकेत की आणखी कुठे, हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय तुमच्या पत्राला खरं उत्तर देता येणार नाही. म्हणून हे उत्तर अर्धंच समजा.

आज रात्री तिला एवढंच सांगा की दिवाळीनंतरची गोष्ट मी मागे घेतली. कारण सांगत बसू नका, तुम्हाला जमणार नाही आणि तिला लागणार नाही. गिऱ्हाईकाला म्हणावं, पोळ्यापर्यंत थांब, इसार घेत नाही. मग हा कागद तिच्या हातात द्या, वाचून दाखवू नका. तिनं मला तिच्या अक्षरात पत्र लिहावं. काय व्हायचंय ते लिहिता आलं नाही तरी चालेल, त्या वयात मलाही आलं नसतं. कापसाच्या नोंदणीच्या वेळी नेमकं काय काय अडलं आणि तिनं ते कसं सोडवलं, तेवढं सविस्तर लिहावं. जमलं तर वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवावा.