एफएमआरआय डेटावर आयसीए चालवलं की दर वेळी वेगळे घटक येतात. खरे कुठले मानायचे?

एफएमआरआय म्हणजे मेंदूचं काम टिपणारं स्कॅन, आणि आयसीए म्हणजे मिसळलेल्या सिग्नलमधून स्वतंत्र घटक वेगळे काढायची पद्धत. तुम्ही लिहिलंय की रेस्टिंग डेटावर (माणूस नुसता पडून असताना घेतलेल्या स्कॅनवर) कधी 20, कधी 70 घटक मागितले आणि प्रत्येक वेळी चित्र बदललं. बदलणारच. खरं-खोटं ठरवणं आयसीएच्या हातात नाही, ते तुम्हालाच नकाशे बघून करावं लागतं.

तुम्ही गोव्यात फर्मागुडीला शिकता म्हणजे चवथीची (गणेश चतुर्थीची) घुमट आरती ऐकली असेल. खोलीत दोन-चार माइक ठेवून घुमट, शामेळ, कासाळे या वाद्यांचे आवाज वेगवेगळे काढायचे, अशा धर्तीवर आयसीए शिकवतात. मेंदूच्या डेटाला हे तंतोतंत लागू पडत नाही. मुळात एका तालात वाजणारी वाद्यं काळात स्वतंत्र कुठली? मेंदूतली जाळीही बऱ्याचदा एकदमच चढतात-उतरतात. म्हणून 1998 मध्ये मॅककिऑन आणि सहकाऱ्यांनी स्वातंत्र्य काळात न धरता जागेत धरलं. ते सोयीचंही आहे, कारण स्कॅनमध्ये वेळबिंदू काहीशे असतात, व्हॉक्सेल (स्कॅनमधले छोटे घन ठोकळे) मात्र हजारो. आणि जागेत स्वतंत्र म्हणजे जागा वाटून घेतलेली, असं नव्हे. एकाच व्हॉक्सेलमध्ये दोन घटकांचा वाटा असू शकतो.

आकड्याबरोबर चित्र बदलण्याचं कारण साधं आहे. 20 मागितले की डिफॉल्ट मोड (विश्रांतीत सक्रिय असणारं मेंदूतलं जाळं) बहुतेक एकसंध येतं, 70 मागितले की त्याचे तुकडे पडतात. दोन्ही बरोबर. शिवाय सुरुवात रँडम असते, घटकांचा क्रम आणि चिन्ह यांना अर्थ नसतो. 'सातवा घटक' पुढच्या रनमध्ये सातवा नसेल. आयसीएएसएसओ या साधनाने अनेक रन जुळवा आणि जे पुन्हा पुन्हा येतात तेच धरा.

आता गोंगाट, म्हणजे मेंदूच्या कामाशी संबंध नसलेले घटक. माझ्या मते खरी मेहनत इथे आहे. डोक्याच्या कडेने कडं दिसलं तर हालचाल समजा. व्हेंट्रिकल (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांवर ठिपके असतील तर नाडी-श्वासाचा संशय घ्या. फक्त फ्रीक्वेन्सीवर विसंबू नका. बोल्ड प्रतिसाद (एफएमआरआय मोजतं तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल) शिखराला पोचायला 5-6 सेकंद घेतो, त्यामुळे कामाचा सिग्नल मुख्यतः 0.1 हर्ट्झच्या खाली सापडतो हे खरं. पण टीआर (एका स्कॅनपासून पुढच्या स्कॅनपर्यंतचा वेळ) 2 सेकंद असेल तर ओळखता येणाऱ्या फ्रीक्वेन्सीची मर्यादा 0.25 हर्ट्झची, आणि सेकंदाला साधारण एकदा पडणारा हृदयाचा ठोका दुमडून त्याच खालच्या पट्ट्यात येऊन बसतो. फिल्टर लावून तो निघत नाही, नकाशात मात्र पकडला जातो.

गोंगाटाचे घटक आपोआप ओळखणारी साधनंही आहेत. त्यातल्या एफआयएक्सला आधी हाताने लेबल लावलेला डेटा लागतो. तुमच्यासारख्या छोट्या प्रोजेक्टला असा डेटा न लागणारं एआरओएमए बरं. ते स्मूदिंगनंतर (शेजारचे व्हॉक्सेल सरासरीने गुळगुळीत केल्यावर) पण हाय-पास फिल्टरच्या (अतिसंथ चढउतार काढणाऱ्या फिल्टरच्या) आधी चालवा, आणि नॉन-अग्रेसिव्ह पर्याय निवडा, नाहीतर गोंगाटाशी जुळणारा खरा सिग्नलही त्याच्यासोबत जाईल. तरी पहिल्या काही जणांचे घटक स्वतः डोळ्यांखालून घालाच.