पहिलं रॅबीपूर, दुसरं अभयरॅब चालेल का?

तुम्ही विचारलंय की मुलाला कुत्रा चावला, पहिलं इंजेक्शन रॅबीपूरचं झालं, आज तिसरा दिवस आणि मेडिकलवाला अभयरॅब देतोय; ते चालेल की पहिल्यापासून सुरू करायचं?

चालतं. पहिल्यापासून काही सुरू करायचं नाही. हल्लीच्या या सगळ्या रेबीजच्या लशी मेलेल्या विषाणूच्याच. एक कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात, दुसरी व्हेरो पेशींवर, एवढाच फरक. दंडातल्या एका डोसची ताकद कमीत कमी 2.5 आययू (लशीची ताकद मोजायचं माप) हवी, ही अट सगळ्यांना सारखीच. कंपनी बदलली म्हणून कोर्स परत सुरू करू नका, असं डब्ल्यूएचओच सांगतं.

एवढ्यावर थांबलो असतो, पण आमचे साडू आठवले.

2023 ची आमच्या सोलापूरची गड्डा यात्रा नुकती उठली होती. मी अक्कलकोट रोडला कारखान्यात, टॉवेलच्या मागावर. इकडे गल्लीतल्या व्यालेल्या कुत्रीने धाकटीची पोटरी धरली. आई तिखटाचा डबा घेऊन धावली, जखमेत भरायला. शेजारच्या तेलुगू अक्काने "वद्दु, वद्दु" (नको, नको) करत तिचा हात धरला, पोरीला मोरीत बसवलं आणि कपड्याच्या साबणाने पाय धूत बसली. चांगली पंधरा मिनिटं. आमच्याकडे नळाला चार दिवसाआड पाणी. तिने स्वतःचं अर्धं पिंप रिकामं केलं. त्या चार दिवसांत शहाणपणाचं काम झालं ते हे एकच, आणि ते सातवी शिकलेल्या बाईने केलं.

संध्याकाळी जवळच्या डॉक्टरांनी दंडात रॅबीपूर दिलं. तिसऱ्या दिवशी ते कुठेच मिळेना. सात रस्त्यापासून आसऱ्यापर्यंत पाच मेडिकल पालथी घातली. अभयरॅब, इंडिरॅब होतं. तेवढ्यात पुण्याहून साडूंचा फोन. ते औषध कंपनीत एमआर, म्हणजे आमच्या सासरवाडीत डॉक्टरच. "मिक्स करायचं नाही हं! मी बर्फात घालून हुतात्मा एक्सप्रेसने पाठवतो." बायको म्हणाली, भाऊजींना जास्त कळतं. मी गप्प बसलो. तो राग अजून स्वतःवरच आहे.

रात्री स्टेशनवर गेलो. ओळखीच्या प्रवाशाने थर्मास हातात दिला. उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं, आणि लशीची डबी त्या पाण्यात भिजून लगदा. ही लस 2 ते 8 अंशांतच राहायला लागते. सकाळी डॉक्टरांनी बाटली हातातसुद्धा घेतली नाही.

म्हणजे चौथा दिवस उजाडला. मग पोरीला उचललं आणि सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कंपनीचं नावही विचारलं नाही. पोटरीवरचे दात बघितले आणि म्हणाल्या, "जखमेत सीरम दिलं का?"

कुणीच दिलं नव्हतं! रक्त आलेली जखम, म्हणजे तिसरी कॅटेगरी. अशा जखमेत वजनाप्रमाणे सीरम, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, भरावं लागतं, कारण लशीची ताकद अंगात यायला आठवडा-दोन आठवडे जातात. पहिल्याच दिवशी द्यायचं असतं, फार तर लशीच्या सातव्या दिवसापर्यंत चालतं. आम्ही दोन दिवस डबीवरच्या नावावर भांडत होतो. बाईंनी सीरम दिलं आणि दोन्ही दंडांवर कातडीतच एक-एक बारीक टोचणी. पुढे सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तसंच. कंपनी बदलली, टोचायची पद्धतही बदलली. पोरगी आता चौथीत आहे, आणि त्याच कुत्रीच्या पिल्लाला बिस्किटं घालते.

साडूंचं यावरही होतंच: "0.1 मिली? सरकारने पाणी घातलं असेल!" अहो, कातडीत दिली की थोडी पुरते, आणि तीही दोन ठिकाणी देतात. त्यांच्या डोक्यात 2021 बसलंय, पहिली कोविशिल्ड तर दुसरीही कोविशिल्डच. तेव्हा नियम तसा होता, कबूल. पण त्याच वर्षी उत्तर प्रदेशात सिद्धार्थनगरला वीसेक लोकांना चुकून एक कोविशिल्ड, एक कोव्हॅक्सिन गेली. आयसीएमआर या सरकारी संशोधन संस्थेने त्यातले 18 जण तपासले, तर वाईट काही निघालं नाही. 2022 च्या ऑगस्टात या दोन्हींवर कॉर्बेव्हॅक्स या तिसऱ्याच लशीचा बूस्टर घ्यायला सरकारनेच परवानगी दिली. हे मी त्यांना एका बारशात ऐकवलं. त्यांनी जिलेबी मागवली.

आता राहिलेलं. मी डॉक्टर नाही, माग चालवतो. तीच कंपनी मिळत असेल तर तीच घ्या, उगाच बदलू नका असं सरकारी नियमावलीतही आहे. कुणाला कॅन्सरची औषधं वगैरे चालू असतील तर त्याचा हिशोब वेगळा. आणि यावरून सगळ्याच लशी एकमेकींत चालतात असं धरू नका.

तुम्ही सीरमचं काहीच लिहिलं नाही. मुलाला रक्त आलं होतं का? आलं असेल आणि सीरम झालं नसेल, तर अभयरॅबचं राहू द्या बाजूला, आधी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. पहिल्या इंजेक्शनची चिठ्ठी बरोबर न्या.