आधी ब्रश, मग चार्जर, मग तो

अगं, तू सांगितलंस ना की तुझा बॉयफ्रेंड आधी तुझ्या घरी फक्त शनिवार-रविवार राहायला यायचा आणि आता कपाटाचा एक कप्पा त्याचा झालाय, माझंही पुण्यात वाकडला राहताना अगदी असंच झालेलं. मला कळलं ते सिलेंडरवरून, एकटीला अडीच महिने जायचा तो दीड महिन्यात संपायला लागला, गिझरमुळे लाईट बिल वाढलं ते वेगळंच, तरी मी गप्प, का तर पैसे मागितले की माझ्या बॉयफ्रेंडला वाईट वाटेल. तू असं करू नकोस प्लीज.

आधी ॲग्रीमेंट काढून बघ. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे घराच्या भाडेकरारावर, नाव फक्त तुझं असेल तर डिपॉझिट तुझं अडकलेलं असतं आणि ओनरने, सोसायटीने विचारलं तर उत्तरही तुलाच द्यावं लागतं, त्यामुळे तो खरंच राहणार असेल तर कराराची मुदत, बहुतेक ११ महिने असते ती, संपल्यावर नवीन करार रजिस्टर करताना त्याचंही नाव घाल. मग भाडं, मेंटेनन्स, वाणसामान, कामवाल्या मावशींचा पगार सगळं एका कागदावर लिही आणि रविवारी चहा घेताना सरळ विचार, "तू आता इथेच राहतोयस का? मग खर्च कसा वाटून घ्यायचा?" भांडणात नको काढूस हा विषय. आणि दुसरी चावी अजून दिली नसशील तर हे बोलणं होईपर्यंत देऊ नकोस.