क्यूमेल बांधताना ‘एर्नो’ आडवा येतो

प्रश्न: कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सवर क्यूमेल १.०३ हा मेल सर्व्हर सोर्सपासून बांधते आहे. बऱ्याच फाइल कंपाइल होतात, मग त्या एकत्र जोडताना, म्हणजे लिंकिंगला, ‘एर्नो’च्या नावाने त्रुटी येऊन मेक (बांधणी चालवणारा प्रोग्रॅम) थांबतो. कंपायलर बदलू का?
– एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर: कंपायलर बदलू नका, त्याचा दोष नाही. मेकची शेवटची ‘एरर १’ ही ओळ काहीच सांगत नाही. वर सरकून पहिली तक्रार वाचायची, हे तुम्ही केलंत, म्हणूनच उत्तर देता येतंय.

एर्नो म्हणजे शेवटच्या त्रुटीचा क्रमांक ठेवणारं नाव. क्यूमेलचे लेखक डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९८ मध्ये ही आवृत्ती दिली, तेव्हा एर्नो हा साधा पूर्णांक म्हणून जाहीर केला तरी चालून जाई. आताच्या ग्लिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीमध्ये, प्रत्येक थ्रेडचा (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्याचा) एर्नो वेगळा असतो, त्यामुळे जुनी घोषणा लायब्ररीशी जुळत नाही. क्यूमेलच्या सोर्समधली एरर डॉट एच फाइल उघडा, ‘एक्स्टर्न इंट एर्नो’ ही ओळ काढा, तिथे सिस्टिमची एर्नो डॉट एच इन्क्लूड करा आणि पुन्हा मेक चालवा. क्यूमेलसोबत वापरल्या जाणाऱ्या बर्नस्टाइन यांच्याच डेमनटूल्स आणि यूसीएसपीआय-टीसीपी या पॅकेजांनाही हाच उपाय लागेल.

तुमचा कंपायलर जीसीसी १४ असेल तर आणखी एक अडचण: घोषित न केलेलं फंक्शन वापरलं की तो आता इशारा देऊन सोडत नाही, थांबतोच. कंपायलरची आज्ञा जिथे लिहिलेली असते त्या कॉन्फ-सीसी फाइलमध्ये जीएनयू ८९ या सी भाषेच्या जुन्या प्रमाणाचा पर्याय जोडा.

क्यूमेलचीच दुरुस्त्या घातलेली आवृत्ती असलेल्या नेटक्यूमेल १.०६ मध्ये एर्नोची दुरुस्ती आधीच आहे. पण शिकायला बसला आहात, तर आधी हातानेच करा. साताऱ्यात माझ्याकडे येणाऱ्या मुलांनाही मी तेच सांगतो.